चाऱ्याचा ताळेबंद मांडणारा रसायनशास्त्रज्ञ : आर्तुरी विर्तानेन

मुरघास हा शब्द आता शेतकऱ्यांच्या बोलण्यात चांगलाच रुळला आहे. हिरवा मका किंवा गवत कापायचे, बारीक करायचे, दाबून दाबून हवाबंद खड्ड्यात किंवा पिशवीत भरायचे, मुरू द्यायचे आणि टंचाईच्या दिवसांत जनावरांपुढे टाकायचे, असा तो साधा प्रकार. आपल्या घरी बरणीत कैरी मुरते, तसा तिथे चारा मुरतो. पण या मुरण्यामागचे रसायनशास्त्र उलगडण्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचले आणि त्याला त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यांचे नाव आर्तुरी इल्मारी विर्तानेन आणि देश फिनलंड.

आम्ही मूळचे वाणिज्य शाखेचे. रसायनशास्त्राशी आमचा संबंध शाळेपुरताच. पण बँकेच्या नोकरीत ग्रामीण शाखांमध्ये असताना दुभत्या जनावरांची कर्जप्रकरणे आमच्या हातून पुष्कळ गेली. अर्जात जनावराची किंमत असे, विमा असे, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक असे, दूध कोणत्या मंडळीत भरणार तेही असे. ती गाय किंवा म्हैस वर्षभर खाणार काय, हा रकाना मात्र सर्वांत लहान असे. आणि कर्ज थकायचे ते पुष्कळदा याच लहान रकान्यामुळे. उन्हाळ्यात हिरवे संपले की दूध आटायचे आणि दूध आटले की हप्ता अडायचा. विर्तानेन यांनी हा एकच रकाना भरण्यात पन्नास वर्षे घालवली, म्हणून त्यांचे चरित्र आम्हाला जवळचे वाटते.

इंजिन चालवणाऱ्याचा मुलगा

विर्तानेन यांचा जन्म १५ जानेवारी १८९५ रोजी हेलसिंकी येथे झाला. तेव्हा फिनलंड स्वतंत्र देश नव्हता, रशियाच्या झारच्या साम्राज्याचा एक भाग होता. वडील रेल्वेचे इंजिन चालवत. घर बेताचे, पण मुलाच्या शिक्षणाकडे लक्ष देणारे. शालेय शिक्षण पूर्वेकडच्या वीपुरी या जुन्या शहरात झाले. तिथून ते हेलसिंकी विद्यापीठात आले, १९१६ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९१९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. या तीन वर्षांच्या मध्येच देशात मोठी उलथापालथ झाली. ६ डिसेंबर १९१७ रोजी फिनलंड स्वतंत्र झाला आणि १९१८ मध्ये यादवी युद्धात सापडला. बाहेरून येणारे धान्य थांबले होते, माणसांनाच पुरेसे मिळत नव्हते, मग जनावरांना कोठून मिळणार?

फिनलंडला भूक नवी नव्हती. १८६६ ते १८६८ या काळात तिथे मोठा दुष्काळ पडला होता आणि लोकसंख्येच्या सुमारे आठ टक्के माणसे दगावली होती. विर्तानेन यांच्या आजी-आजोबांच्या पिढीने तो दुष्काळ पाहिलेला होता. पुढे त्यांनी प्रयोगशाळेत जे जे प्रश्न निवडले, त्यांच्या मुळाशी ही पार्श्वभूमी आहे असे आम्हाला वाटते.

डॉक्टरेटनंतर ते शिकत राहिले. झुरिचला भौतिक रसायन, स्टॉकहोमला जीवाणूशास्त्र आणि नंतर तिथेच हान्स फॉन ऑयलर-केल्पिन या नामवंत शास्त्रज्ञाकडे विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा अभ्यास. या ऑयलर-केल्पिन यांना पुढे १९२९ मध्ये नोबेल मिळाले. १९२० मध्ये विर्तानेन यांचा विवाह लिल्या मोइसिओ यांच्याशी झाला. त्या वनस्पतिशास्त्र शिकलेल्या होत्या. त्यांना दोन मुलगे झाले.

सहकारी संस्थेची प्रयोगशाळा

१९२१ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, विर्तानेन वालिओ या संस्थेच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. वालिओ म्हणजे फिनलंडच्या सहकारी दूध संघांची मध्यवर्ती संस्था. लोणी परदेशी विकण्यासाठी १९०५ मध्ये ती स्थापन झाली होती. बडोद्यात राहणाऱ्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको. आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आणंद आहे. तिथे १९४६ मध्ये शेतकऱ्यांनी आपला दूध संघ काढला आणि पुढे त्याच संघात हरिचंद दलाया यांच्यासारख्या तंत्रज्ञाने म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखवली. वालिओची गोष्ट त्याच जातकुळीतली, फक्त चाळीस वर्षे आधीची. शेतकऱ्यांच्या पैशावर प्रयोगशाळा चालते आणि शास्त्रज्ञाला प्रश्न शेतकऱ्यांच्या गोठ्यातून येतात, हे दोन्हीकडे सारखे.

पहिला प्रश्न लोण्याचा होता. फिनलंडचे लोणी जहाजाने इंग्लंडला जाई. साठवणीत त्याची चव बिघडे आणि भाव पडे. लोण्यातल्या पाण्याच्या अंशाची आम्लता या बिघाडाला कारण होते, हे विर्तानेन यांनी शोधले आणि लोण्यात फॉस्फेटचा एक क्षार थोड्या प्रमाणात मिसळण्याची युक्ती काढली. लोणी टिकू लागले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्या क्षाराला ए.आय.व्ही. क्षार म्हणू लागले. ही आद्याक्षरे पुढे फिनलंडच्या खेड्याखेड्यांत पोचली, पण ती या क्षारामुळे नव्हे, चाऱ्यामुळे.

आठ महिन्यांचा हिवाळा

फिनलंडची अडचण समजून घ्यायची तर तिथला हिवाळा डोळ्यांसमोर आणावा लागतो. वर्षातले सात-आठ महिने गाई गोठ्यात बांधलेल्या. बाहेर बर्फ. उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत जे गवत वाढेल ते कापून, वाळवून साठवायचे आणि त्यावर हिवाळा काढायचा. त्यात कापणीच्या दिवसांत पाऊस हमखास. गवत नीट वाळत नसे, भिजे, कुजे. नीट वाळले तरी उन्हात आणि वाळवणीत त्यातला कस कमी होई. पाने गळून पडत आणि प्रथिने असतात ती मुख्यतः पानांतच. मग दूध टिकवण्यासाठी परदेशातून पेंड आणि धान्य आणावे लागे. म्हणजे लोणी विकून परकीय चलन मिळवायचे आणि त्यातले बरेचसे पेंडीवर खर्च करायचे. आम्हा बँकवाल्यांना असा ताळेबंद दिसला की पहिला प्रश्न पडतो, यात शिल्लक किती?

विर्तानेन यांनाही तोच प्रश्न पडला. त्यांचा विचार सरळ होता. गाईला लागणारे प्रथिन आपल्याच जमिनीत पिकले पाहिजे. ते पिकवायला खत लागते आणि खत महाग आहे. पण क्लोव्हर, वाटाणा यांसारखी द्विदल पिके हवेतला नायट्रोजन स्वतःच घेतात. आपल्याकडे शेतकरी तूर, हरभरा, घेवडा फेरपालटीत घेतात ते याच कारणाने. या झाडांच्या मुळांवर बारीक गाठी असतात आणि त्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतात. म्हणजे साखळी अशी : हवेतून क्लोव्हरमध्ये, क्लोव्हरमधून गाईत, गाईतून दुधात. या साखळीत कोठेही आयात नव्हती. फक्त एक कडी निखळलेली होती. क्लोव्हर उन्हाळ्यात पिकतो आणि गाईला तो हिवाळ्यात हवा असतो. मधल्या महिन्यांत त्यातली प्रथिने टिकवायची कशी?

मुरण्याचे रसायन

चारा मुरवून ठेवण्याची पद्धत युरोपात आधीपासून होती. तिचे तत्त्व आपल्याला दह्यावरून कळेल. हवा बंद केली की चाऱ्यातल्या साखरेवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात, आंबटपणा वाढतो आणि कुजवणारे जीवाणू मागे हटतात. पण हा आंबटपणा पुरेसा वाढायला वेळ लागतो आणि त्या वेळात तीन गळत्या होतात. पहिली, कापलेले गवत लगेच मरत नाही. त्याच्या पेशी काही काळ श्वसन करत राहतात आणि आतली साखर जाळून टाकतात. दुसरी, गवतातलीच विकरे प्रथिने तोडत राहतात. तिसरी सर्वांत वाईट, ब्युटिरिक आम्ल तयार करणारे जीवाणू शिरकाव करतात. खवट लोण्याला जो वास येतो तो या आम्लाचा. असा चारा दुर्गंधी सुटलेला, कस गेलेला असतो. शिवाय या जीवाणूंचे बीजाणू शेणातून, गोठ्यातून दुधात येतात आणि त्या दुधाचे चीज मुरताना फुगून फाटते. वालिओच्या दृष्टीने हे दुहेरी नुकसान होते.

क्लोव्हरच्या बाबतीत अडचण आणखी मोठी. त्यात प्रथिने जास्त, साखर कमी, त्यामुळे तो लवकर आंबटच होत नाही. म्हणजे ज्या चाऱ्यात सर्वांत जास्त कस, तोच टिकवायला सर्वांत कठीण. साठवलेल्या चाऱ्याच्या पोषणमूल्यापैकी चौथा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, अशा गळतीत जाई.

विर्तानेन यांनी प्रयोगशाळेत एकेक गळती वेगळी करून मोजली. आंबटपणाची मोजणी पीएच या अंकाने करतात. अंक जितका कमी तितका आंबटपणा जास्त. त्यांना असे आढळले की पीएच ४ च्या खाली आणला, तर पेशींचे श्वसन, प्रथिनांची मोडतोड आणि ब्युटिरिक जीवाणूंची वाढ या तिन्ही गोष्टी जवळजवळ थांबतात. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. जीवाणूंनी आम्ल तयार करेपर्यंत थांबायचेच कशाला? आम्ल बाहेरून घालून पहिल्याच दिवशी पीएच ४ च्या खाली का आणू नये?

हीच ए.आय.व्ही. पद्धत. हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांचे पातळ मिश्रण ताज्या गवतावर मोजून शिंपडायचे, थर दाबायचा, पुन्हा गवत, पुन्हा आम्ल आणि वरून बंद करायचे. मिश्रण किती घालायचे ते चाऱ्याच्या प्रकारावर अवलंबून. क्लोव्हरला जास्त, साध्या गवताला कमी. १९२८ पासून शेतावर चाचण्या सुरू झाल्या आणि १९२९ मध्ये पद्धत प्रसिद्ध झाली. वर्षभरातच तिचे नाव स्वीडन आणि इतर शेजारी देशांत पोचू लागले.

शंका आणि त्यांची उत्तरे

गाईच्या चाऱ्यावर सल्फ्युरिक आम्ल! हे वाचून आपल्या मनात जे आले, तेच तिथल्या शेतकऱ्यांच्याही मनात आले. गाईचे पोट जळणार नाही का? हाडे झिजणार नाहीत का? दुधात आम्ल उतरणार नाही का? या शंकांमध्ये तथ्य होतेच. लॅक्टिक आम्ल शरीर जाळून टाकू शकते, पण ही खनिज आम्ले तशी जळत नाहीत. त्यांचा भार शरीराला उचलावा लागतो.

विर्तानेन यांनी शंका झटकून टाकली नाही, ती तपासायला घेतली. गाईने किती खाल्ले, शेणातून आणि लघवीतून काय बाहेर पडले, दुधात काय उतरले, शरीरात काय राहिले याचा हिशोब मांडला. चाऱ्याची पचनीयता काढायची ती अशीच. गाईने खाल्ल्यापैकी जे शेणात परत आले ते वजा करायचे, उरले ते पचले. पशुपोषणाच्या शास्त्राचा पाया या वजाबाकीवर उभा आहे. कागदावर दोन चारे सारखे दिसतात, पण एकातले निम्मे शेणात जाते आणि दुसऱ्यातले पुष्कळसे अंगी लागते. खरा भाव अंगी लागलेल्याचा करायचा.

या हिशोबातून त्यांनी उपायही दिला. आम्लाचा भार उतरवण्यासाठी चाऱ्याबरोबर खडूची भुकटी आणि सोडा द्यायचा. तसे केले की गाई धडधाकट राहत, दूध चांगले देत आणि दुधाच्या चवीत फरक पडत नसे. उलट एक फायदा डोळ्यांना दिसणारा होता. वाळवलेल्या गवतातले कॅरोटिन उन्हाने उडून जाते, म्हणून हिवाळ्यातले लोणी पांढरट निघे. मुरवलेल्या चाऱ्यात कॅरोटिन टिकत असल्यामुळे हिवाळ्यातही लोणी पिवळे येऊ लागले. कॅरोटिनपासूनच शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते. म्हणजे ऊन न दिसणाऱ्या महिन्यांत त्या देशातल्या मुलांना दुधातून ते मिळू लागले. चारा आणि माणसाचे आरोग्य यांच्यातला हा संबंध त्यांनी पुढे व्याख्यानांतून आणि पुस्तकातून मांडला.

१९३३ मध्ये त्यांनी हेलसिंकीजवळ स्वतःचे शेत घेतले. आपण शेतकऱ्याला जे करायला सांगतो ते आधी आपल्या शेतावर करून पाहायचे, हा त्यामागचा हेतू. आम्ल हाताळणे तसे धोक्याचे. हातमोजे, जपणूक, गंजणारी अवजारे, या सगळ्या कटकटी त्यांनी स्वतः अनुभवल्या. पुढच्या काळात खनिज आम्लांची जागा फॉर्मिक आम्लाने घेतली. मुंगी चावल्यावर जे झोंबते त्यात हेच आम्ल असते. ते गाईच्या शरीरात जळून जाऊ शकते, त्यामुळे सोड्या-खडूची गरज कमी झाली. नाव मात्र ए.आय.व्ही. हेच राहिले.

गाठींचा लाल रंग

याच काळात वालिओची प्रयोगशाळा वाढून १९३१ मध्ये जीवरसायन संशोधन संस्था झाली आणि विर्तानेन तिचे संचालक झाले. बरोबरीने ते आधी हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात आणि १९३९ पासून हेलसिंकी विद्यापीठात प्राध्यापक होते. द्विदल पिकांच्या गाठींवरचे त्यांचे काम तिथे चालूच होते. ताजी गाठ फोडली तर आत लालसर रंग दिसतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच तो भाऊबंद. जोवर गाठ लाल तोवर ती हवेतला नायट्रोजन घेते, रंग उतरला की काम थांबते, हे दाखवण्यात त्यांच्या संस्थेचा मोठा वाटा होता. भुईमुगाची जोमदार रोपे उपटून गाठ नखाने फोडली, तर हा रंग आपल्यालाही पाहता येतो.

मात्र नायट्रोजन वनस्पतीत कोणकोणत्या टप्प्यांनी शिरतो याबद्दल त्यांनी मांडलेली उपपत्ती पुढे टिकली नाही. नंतरच्या शास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग सिद्ध केला. मोठ्या माणसाच्या चरित्रात हेही नोंदवावे, कारण शास्त्राच्या वहीत जमेबरोबर खर्चाची बाजूही लिहावी लागते.

युद्ध आणि पारितोषिक

३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा फिनलंडवर चालून आल्या. मार्च १९४० मध्ये तह झाला आणि पूर्वेकडचा कारेलिया प्रांत द्यावा लागला. वीपुरी शहर, जिथे विर्तानेन लहानाचे मोठे झाले, ते त्यातच गेले. चार लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून देशाच्या उरलेल्या भागात आली. पुढे पुन्हा युद्ध पेटले आणि १९४४ पर्यंत चालले. आयात पेंड, आयात खत हे सगळे आटले. घरच्या गवतावर आणि क्लोव्हरवर गाई जगवण्याची विद्या त्या वर्षांत किती उपयोगी पडली असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

१९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विर्तानेन यांना जाहीर झाले. शेती आणि पोषण यांच्या रसायनशास्त्रातील संशोधनासाठी, विशेषतः चारा टिकवण्याच्या पद्धतीसाठी ते होते. त्याच वर्षी वैद्यकाचे पारितोषिक पेनिसिलिनसाठी फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळाले. महायुद्ध नुकतेच संपलेले होते. अणुबॉम्ब पडून चार महिने झाले होते. अशा वेळी एकीकडे जखमेत होणारी सडण थांबवणारे औषध आणि दुसरीकडे चाऱ्यातली सडण थांबवणारी पद्धत, यांचा एकाच समारंभात सन्मान झाला, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते.

शून्य-चाऱ्याच्या गाई

सन्मान मिळाल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. १९४८ ते १९६३ ते फिनलंडच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते, तरी प्रयोगशाळेतले काम सुटले नाही. कोबी, कांदा अशा भाज्यांतली रसायनेही त्यांनी तपासली. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येते, त्यामागचे मूळ द्रव्य १९६०च्या सुमारास ओळखले गेले, त्यात त्यांचे काम महत्त्वाचे आहे. आपल्या स्वयंपाकघरांपर्यंत पोचणारा हा त्यांचा आणखी एक धागा.

पण शेवटच्या दशकातला त्यांचा सर्वांत धाडसी प्रयोग पुन्हा गाईवरच होता. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि त्यांतला पहिला मोठा कप्पा ही एक आंबवण्याची टाकीच असते. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव गवतातले सेल्युलोज फोडतात. आपण माणसे सेल्युलोज पचवू शकत नाही. शिवाय हे सूक्ष्मजीव साध्या अमोनियापासून स्वतःची प्रथिने बनवतात आणि पुढे गाय त्या सूक्ष्मजीवांनाच पचवते. मग प्रश्न असा की, गाईला प्रथिन मुळीच दिले नाही, फक्त शुद्ध सेल्युलोज, स्टार्च, साखर, क्षार आणि नायट्रोजनसाठी युरिया व अमोनियमचे क्षार दिले, तर ती दूध देईल का?

त्यांनी गाईंना हळूहळू या आहाराची सवय लावली. त्याला शून्य-चारा आणि त्यावरच्या दुधाला शून्य-दूध असे नाव पडले. १९६६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाई जगल्या, व्याल्या आणि चांगल्या गाईने वर्षाला चार हजार किलोंहून जास्त दूध दिले. दुधाची घडण नेहमीच्या दुधासारखीच होती. इतका शुद्ध आहार कोणी शेतकरी देणार नाही, ते परवडणारही नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली. माणसाच्या तोंडचे धान्य आणि डाळ न खाताही गाय दूध देऊ शकते. आपल्याला निरुपयोगी असलेल्या तंतूतून ती आपल्याला अन्न करून देते.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. दुधात युरिया मिसळणे ही भेसळ आहे आणि गुन्हाही. चाऱ्यातून मोजून दिलेला युरिया वेगळा. पोटातले सूक्ष्मजीव त्याचे प्रथिन करतात. पण मात्रा चुकली तर तोच युरिया जनावराचा जीव घेतो. म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय हा प्रयोग कोणी करू नये.

आपल्याकडे याच शास्त्राची दुसरी फांदी रुजली. भाताचा पेंढा आणि गव्हाचे काड यांची पचनीयता फार कमी. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरियाचे पाणी शिंपडून तो तीन आठवडे झाकून ठेवला, तर अमोनियामुळे त्याचे घट्ट तंतू सैल होतात आणि जनावराच्या अंगी जास्त लागते. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने युरिया, गुळाची मळी आणि खनिजे यांच्या चाटण विटाही तयार केल्या. हे शोध विर्तानेन यांचे नव्हेत, पण ज्या वाटेने ते निघाले त्याच वाटेवरचे आहेत.

शेवटचे दिवस

माणूस म्हणून विर्तानेन साधे होते. धूम्रपान नाही, मद्य नाही, स्वतःची मोटारगाडीही त्यांनी कधी घेतली नाही. युरोपात पुढे धान्य आणि लोण्याचे ढीग साठू लागले, तेव्हाही ही सुबत्ता कायमची आहे असे त्यांनी मानले नाही. जगाची लोकसंख्या वाढते आहे, उद्या अन्न कमी पडेल, असे ते सांगत राहिले. दुष्काळाची आठवण असलेल्या घरात वाढलेल्या माणसाचीच ही नजर. १९७३ मध्ये पडून त्यांचे हाड मोडले, त्यातून न्यूमोनिया झाला आणि ११ नोव्हेंबर १९७३ रोजी हेलसिंकीत त्यांचे निधन झाले. वय ७८. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, महाराष्ट्राने भीषण दुष्काळ पाहिला होता आणि आपल्यापैकी अनेकांच्या गावाकडच्या दावणी त्यात रिकाम्या झाल्या होत्या. त्यांचे नाव एका लघुग्रहाला दिलेले आहे. पण फिनलंडच्या शेतकऱ्याला ते आकाशात शोधावे लागत नाही, चाऱ्याच्या टाकीपाशीच सापडते.

एका योगायोगाकडे लक्ष वेधून थांबतो. विर्तानेन यांचा जन्मदिवस १५ जानेवारी, म्हणजे आपल्या बडोद्यातली वासी उत्तरायण. आदल्या दिवशी आणि त्या दिवशीही आपण रस्त्यावरच्या गाईंना गोग्रास घालतो. श्रद्धेने शिजवलेल्या धान्याची घुगरी, पोळ्या, लाडू असे भरभरून वाढतो. पण जिच्या पोटातली टाकी तंतूंसाठी बनलेली आहे, तिला एकाच दिवशी एवढे धान्य पडले की आत आम्ल वाढते, पोट फुगते आणि गाय आजारी पडते. पशुवैद्यक हे दरवर्षी सांगतात. तेव्हा येत्या उत्तरायणाला आपल्या मंडळाच्या कुटुंबांनी घुगरी मूठभरच ठेवावी, प्लास्टिकच्या पिशवीतून काहीही टाकू नये आणि हिरव्या चाऱ्याची एक पेंढी विकत घेऊन पांजरापोळीत पोचवावी, अशी आमची सर्वांना विनंती आहे. पुण्यही लागेल आणि गाईच्या अंगीही लागेल.